बैलाच्या कपाळावरची पलटण

बुजगावण्याच्या डोक्यावरची टोपी मागायची कशी, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. युसूफ वडगाव या गावचा बाजार करून मी मोटारसायकलवर परत येत होतो. रस्त्याकडेच्या ज्वारीत ते उभं होतं. अंगात फाटका सदरा, हातांच्या जागी आडवी काठी आणि डोक्यावर चक्क लष्करी तिरकी टोपी! खाकी लोकरीची, घडी घालून खांद्याच्या पट्टीखाली खोचता येणारी, पुढं दोन पितळी बटणं. महायुद्धाच्या वेळची, शंकाच नको. मी असा ब्रेक मारला की मागं बांधलेला दुधाचा रिकामा कॅन उडून चारीत पडला.

शेतकरी बांधावर बसून माझ्याकडं बघत होता. मी टोपी मागितली, तर तो म्हणाला, "पाखरं तिलाच भेत्यात सायब. तुमी नेली तर रान कोण राखल?"

बरोबर होतं त्याचं. पण टोपी डोळ्यांसमोर असताना मला दुसऱ्याचं बरोबर दिसत नाही. मी डोक्यावरचं नवंकोरं हेल्मेट काढलं आणि बुजगावण्याला घातलं. ते उन्हात असं चकाकायला लागलं की पाखरंच काय, बांधावरची शेळीसुद्धा बिचकली. शेतकरी खूश, मी त्याहून खूश. घरी आल्यावर बायको मात्र म्हणाली, "स्वतःचं डोकं उघडं टाकून बुजगावण्याचं झाकून आलात. धन्य आहे तुमची!"

माझ्या वेडाची ही सुरुवात. मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, फॅट मोजायचं, कॅन भरून गाडी रवाना करायची आणि मधल्या वेळात संस्थेच्या कामासाठी गावोगाव हिंडायचं. या हिंडण्यात मला कळलं की आपल्या भागात पलटणीच्या पलटणी घरात पडून आहेत, फक्त त्यांना कुणी ओळखत नाही. धारूरच्या एका घरात गरम पातेलं उतरवायला जो काळा चिंधोटा वापरत होते, ती निजामाच्या फौजेतल्या कुणा शिपायाची टोपी निघाली. अंबाजोगाईत इंग्रजांच्या काळी घोडदळाचा तळ होता. तिथल्या एका कासाराच्या मोडीच्या टोपलीत, फुटक्या तांब्यांच्या खाली, मला घोडदळाचा बिल्ला सापडला. त्या दिवशी मी कासाराच्या दुकानात अक्षरशः नाचलो. तो बिचारा पाणी घेऊन धावत आला. मला चक्कर आली असावी असं त्याला वाटलं.

या छंदात नजर पुढून नव्हे, मागून लावायची असते. टोपीवरचा खरा बिल्ला पत्र्यावर ठसा मारून केलेला असतो. पुढं जे उठून येतं तेच मागं खोल गेलेलं दिसतं. नकली बिल्ला ओतीव असतो, त्याची पाठ सपाट. म्हणून कुणी बिल्ला हातात दिला की मी आधी तो उलटा करतो. लग्न जमवताना मुलीकडचे लोक मुलाच्या चुलत्यांची चौकशी करतात ना, तसंच. पुढून सगळेच चांगले दिसतात.

बैठकीच्या खोलीत प्लायवूडच्या फळ्यांवर मखमल लावून मी सगळं मांडलं होतं. भंगारवाला गल्लीत आला की आमच्या दारात जास्तच वेळ थांबायचा आणि खिडकीतून आत डोकावून बायकोला विचारायचा, "ताई, ह्यो माल कवा काढताव?"

पण माझ्या मालाचा खरा गिऱ्हाईक घरातच होता. आमचे आबा.

आबा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दुसऱ्या महायुद्धात आमच्या लोकांची पलटण उभी राहिली, तेव्हा आबा मिसरूड फुटायच्या आत भरती झाले होते; पुढं ती मशीनगनवाली पलटण झाली. आता नव्वदीला टेकले होते. डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र तिखट आणि जीभ त्याहून तिखट. मी नवीन काही आणलं की आबा बाजेवर उठून बसायचे, हात पुढं करायचे. बिल्ल्यावरून अंगठा फिरवून ओळखायचे. "घोडं हाय. तलवार हाय. ही लढाईतली कमी, परेडीतली जास्त." मग बिल्ला परत करताना हमखास विचारायचे, "आन आपली?"

आपली नव्हती. तीच तर रड होती.

आबांच्या टोपीवर जो बिल्ला होता त्यावर दोन मशीनगन एकमेकींवर आडव्या आणि मधोमध स्तंभ, आबांच्या बोलीत थांब, होता. भीमा नदीच्या काठी उभा आहे तो, ज्याच्या पायथ्याशी दरवर्षी आमची माणसं लोटतात तो. पुढं स्तंभ जाऊन त्याजागी खंजीर आला. आबा तोवर घरी परतले होते. परतताना टोपी बरोबर आली, बिल्ला जमा करावा लागला. हे आबा मला लहानपणापासून सांगत आलेले. पण आमच्या गल्लीतल्या पोरांनी पाहिलेला बिल्ला खंजिराचा. पुढच्या पिढीतली दोन-चार माणसं त्याच पलटणीतून निवृत्त होऊन आली होती. त्यांच्या बैठकीत भिंतीवर खंजीरच होता. पोरं मोबाईल काढायची, पहिलंच चित्र दाखवायची आणि म्हणायची, "आबा, हे बघा, खंजीर हाय. थांब कुठंय?"

आबांना मोबाईल दिसायचा नाही. ते नुसतं म्हणायचे, "व्हता बे. कपाळावर व्हता माज्या."

पोरं वाईट नव्हती. आबांना खाऊ आणून देणारी, दवाखान्यात नेणारी तीच. पण म्हातारपणी माणूस बरळतो, आबांचंही तसंच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांचं ते समजूतदार हसणं आबांना कान असल्यामुळं ऐकू यायचं. मी जुन्या बिल्ल्याबद्दल ऐकून होतो. संभाजीनगरच्या एका जाणत्या संग्राहकानं मला फोनवर सांगितलं होतं की असा बिल्ला होता, पण तो मिळायचं नाव नाही. मी हे पोरांना सांगायचो. ती म्हणायची, "काका, तुमी तर घरातलेच. दाखवा मग!"

एकदा आबा माझ्यावर उखडले. "साऱ्या जगाच्या पलटणी आणून भिंतीला लावतूस. आपलीच कावून न्हाई आणीत? म्या मेल्यावर आणशील व्हय?" मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आबांना मेल्यावर लोक खोटं ठरवतील याचं मला इतकं वाईट वाटलं की मी मखमलीच्या फळीवर मधोमध एक जागा रिकामी केली आणि ठरवलं, आता दुसरं काही शोधायचं नाही.

त्यात दुष्काळ आला. पावसानं सलग दोन वर्षं दडी मारली. विहिरींचे तळ दिसले, दुधाचे कॅन अर्धेसुद्धा भरेनात. गोठ्यातली जनावरं बाजाराची वाट चालू लागली. तेव्हा आमच्या संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर गुरांची छावणी उघडली. संस्थेचा सचिव म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. आबांना मजा वाटली. "छावणीत ऱ्हातूस? म्या बी ऱ्हायलोय. तिथं शिस्त लागती. सकाळी उठून रांगा बघ आधी."

मी खरोखरच सकाळी उठून रांगा बघायचो. कारखान्याकडून उसाचे ट्रक यायचे, टँकर यायचे, हिरव्या जाळ्यांच्या सावलीत जनावरं ओळीनं बांधलेली. मालक तिथंच, दावणीशेजारी चूल मांडून. दुष्काळ होता खरा, पण माळावर जत्रेसारखी वर्दळ असायची, आणि मला कबूल केलं पाहिजे की मला ती आवडायची. माणसं गप्पा मारायची आणि गप्पांमधून टोप्या निघतात, हा माझा अनुभव.

नांदूरघाटाकडच्या एका वाडीवरचे मामा आपली खिल्लारी जोडी घेऊन आले होते. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, वयानं मोठे म्हणून मामा. थोडी मेंढरं, थोडी शेती. मेंढरं भावाबरोबर चरायला लांब गेलेली, बैलांपाशी हे एकटे. मी त्यांच्या दावणीला पोचलो आणि उजव्या बैलानं मान वर केली. त्याच्या कपाळावर चामड्याची पट्टी होती. पट्टीवर काहीतरी पितळी शिवलेलं. ते सकाळच्या उन्हात लखकन चमकलं.

माझे पाय तिथंच थांबले. दोन दांडे एकमेकांवर आडवे. दांडे साधे नव्हेत, जाड नळीचे. पाणी भरून गार ठेवायच्या नळीच्या मशीनगन! आबा सांगायचे, "त्या गनीला माणसापरीस जास्त पाणी लागायचं." आणि मधोमध एक उभं काहीतरी, टोकाकडं निमुळतं होत गेलेलं.

"मामा," मी म्हणालो, "हे काय आहे?"

"त्रिशूळ हाय की. म्हादेवाचं."

त्रिशूळ! मी बैलाच्या इतका जवळ गेलो की त्यानं माझ्या तोंडावर फुरफुरून श्वास सोडला. पितळ घासून घासून गुळगुळीत झालेलं. रेघ म्हणून उरली नव्हती. मामांनी अभिमानानं सांगितलं की त्यांच्या बापानं कधीतरी बाजारातून मोडीच्या पितळेत हे आणलं, महादेवाचं त्रिशूळ नंदीच्या कपाळी असावं म्हणून बैलाला शिवलं, आणि तेव्हापासून दर पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदेमळणीला, घरातल्या बायका ते चिंच आणि राख लावून घासतात. एक वर्ष चुकलेलं नाही. बैल बदलले, पट्ट्या बदलल्या, त्रिशूळ तेच.

चिंच आणि राख! जुन्या पितळेला चिंच लावणं म्हणजे संग्राहकाच्या काळजाला चिंच लावणं. कळवळून ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडून करणार काय? त्यांनी देव म्हणून घासला होता.

मी मागितला. दुसरा देतो म्हणालो, चांदीचं त्रिशूळ करून देतो म्हणालो, माझ्या फळीवरचा हवा तो बिल्ला उचला म्हणालो. मामांनी मान हलवली. "न्हाई सायब. आमच्या वाडीत कपाळाचं उतरलं की बैल दाव्यावरनं उतरला म्हणत्यात. औंदा शेजारच्या चार दावणी मोकळ्या झाल्या. माजी ह्येच्यावर टिकून हाय." हे बोलताना त्यांचा हात बैलाच्या वशिंडावर होता आणि तो तिथून हलला नाही.

मी घरी धावत आलो. मोटारसायकल तिथंच राहिली, हे मला अर्ध्या वाटेत आठवलं. आबांना सांगितलं तेव्हा ते बाजेवरून उठायलाच लागले. "कुठंय? चल."

"आबा, ऊन लई आहे. आणि ते म्हणतात, उतरवणार नाही."

"उतरवू नगं. मला हात लावू दे नुसता."

दुसऱ्या सकाळी मी हेच मामांना सांगितलं. नव्वदीचा माणूस आहे, डोळे नाहीत, माळावर आणता येत नाही, एकदा हात लावायचा आहे. मामांनी तंबाखू मळता मळता विचार केला आणि इतक्या साधेपणानं बोलले की मला स्वतःचा राग आला, हे मला कसं सुचलं नाही म्हणून. "मग बैलालाच नेऊ की. बिल्ला उतरत न्हाई, बैल तर चालतोय!"

तर अशी आमच्या गल्लीत मिरवणूक निघाली. पुढं मी, मागं बैल, बैलाच्या जोडीला मामा, आणि त्यामागं वाटेत मिळेल तेवढं गाव. पोरं मोबाईल घेऊन आली. बायको भाकरी थापायला बसली होती, ती पिठाच्या हातानंच दारात आली. "आता जनावरंसुद्धा फळीवर लावणार का?" आबांनी पेटीतून जुनी टोपी काढून घेतली होती. तिरकी टोपी, बिल्ल्याच्या जागी दोन भोकं. ती घालून ते ओट्यावर उभे होते, एका हातानं खांबाला धरून.

बैल समोर आणला. आबांनी हात पुढं केला. बैलानं मान खाली घातली. आबांचा अंगठा चामड्यावरून पितळेवर आला आणि फिरू लागला. एकदा. पुन्हा एकदा. माझ्या सगळ्या आयुष्यात मला एखादी गोष्ट इतकी हवी झालेली नव्हती.

आबांचा अंगठा थांबला. ते म्हणाले, "लई गुळगुळीत हाय. ह्यात काय न्हाई लागत." आणि मग, आपल्यामुळं एवढा बैल एवढ्या लांब चालत आला या संकोचानं, "त्रिशूळच असंल. बैल मातूर झकास हाय." त्यांनी बैलाचं कपाळ खाजवलं.

मागून एक पोरगा हळूच म्हणाला, "टोक बघा की. खंजीरच हाय त्यो."

त्याला हळू बोलता येत नव्हतं. आबांनी ऐकलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

मामा सटकन मागं वळले. "कावून रं? म्हातारा माणूस खोटं बोलल व्हय? एवढ्या वयाचा हुशील तवा कळंल!" पोरगा ओशाळला.

मला तेव्हा एकदम पाठ आठवली. पाठ! मी आयुष्यभर बिल्ले उलटे करून बघतो आणि आज गडबडीत विसरलो होतो. चिंच आणि राख पुढून लागली होती. मागची बाजू चामड्याला टेकलेली. तिला इतक्या वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही, नवीन पट्टी बदलण्यापुरताच लागला असेल. "मामा, मागची बाजू बघू द्या. फक्त मागची बाजू."

मामांनी बैलाकडं पाहिलं, आबांच्या हातातल्या टोपीकडं पाहिलं. कपाळाचं उतरवायचं नाही, हे त्यांच्या बापानं घातलेलं बंधन. पण त्यांच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं, कारण त्यांनी कमरेचा विळा काढला आणि मला म्हणाले, "उतरवायचं न्हाई. उसवायचं. खालचा टाका आन कडंचे काढतो, वरचा ऱ्हाऊ देतो. म्हंजी उतरलं न्हाई."

यात कुठल्या वकिलाला खोट काढता आली नसती. मामांनी विळ्याच्या टोकानं दोरा तोडला. वरच्या एका टाक्यावर बिल्ला लोंबला आणि दार उघडावं तसा उलटला.

काळीकुट्ट पाठ. टोपीत अडकवायच्या दोन कड्या जागच्या जागी. आणि खोलगट ठसा, सगळा, कडेपर्यंत! मी इतक्या जोरानं किंचाळलो की बैल दोन पावलं मागं सरला आणि मामांनी मला दम दिला.

"आबा, अंगठा. इकडं."

आबांचा अंगठा त्या खळग्यात उतरला. वरून खाली येऊ लागला. मध्ये थांबला, डावीकडं गेला, "ही नळी," उजवीकडं गेला, "ही नळी." मग खाली, अगदी तळाशी. तिथं अंगठा पुढंमागं, पुढंमागं होऊ लागला. आबांचा चेहरा असा उजळला की मला अजून तो तसाच दिसतो.

"पायऱ्या!" आबा ओरडले. "पायऱ्या हायत! थांबाच्या पायऱ्या! कुठंय त्यो पोरगा? ये बे हिकडं. खंजिराला पायऱ्या असत्यात व्हय?"

पोरगा पुढं आला. त्याला त्या काळोख्या खळग्यात काही नीट दिसेना. तेवढ्यात बायकोनं आत जाऊन परातीतल्या ज्वारीच्या भिजवलेल्या पिठाचा गोळा तोडून आणला आणि माझ्या हातात ठेवला. "दाबून बघा," ती म्हणाली, जणू हे ती रोजच करत आलेली होती. मी गोळा बिल्ल्याच्या पाठीवर दाबला. कड्या पिठात रुतल्या. हलकेच सोडवला.

पांढऱ्या पिठावर स्तंभ उभा होता. खाली पायऱ्या, त्यांवर चौथरा, आणि वर निमुळता होत गेलेला सरळ स्तंभ. दोन्ही बाजूंनी मशीनगनच्या नळ्या. सगळी गल्ली त्या गोळ्यावर वाकली. कुणी मोबाईल काढलेच नाहीत, आधी डोळ्यांनीच बघून घेतलं. नंतर फोटो काढायला सगळे एकदम सरसावले, आणि त्या गर्दीत, उसावर दिवस काढून कंटाळलेल्या त्या बैलानं जीभ लांब केली आणि पिठाचा गोळा स्तंभासकट गट्ट केला.

बैल मचमच करू लागला. ते ऐकून आधी आबाच हसले. काय झालं हे त्यांना बायकोनं सांगितलं, तेव्हा तर त्यांना उभं राहवेना, आम्ही धरून बसवलं. "खाऊ द्या त्येला! दुष्काळ हाय!"

हसणं ओसरल्यावर मामा सहज बोलून गेले, "आमच्या वाडीत पोळ्याचा मान आमच्याच बैलाला. तोरणाखालनं पयला ह्योच जातो."

आबांनी मान वर केली. "पयला?"

"पयला. आमच्या आज्यापासनं. आधी ह्येच्या कपाळाला ओवाळायचं, मग बाकीच्या बैलांनी जायाचं."

आबा मोजून-मापून बोलले नाहीत, पण हळू बोलले. "आमचे बैल सगळ्यात मागं ऱ्हायचे पोळ्याला. सारं गाव गेल्यावर. माजा बाप उनात उभा ऱ्हायचा कासरा धरून. आन इतकी वर्सं तुमच्या वाडीत आमचा थांब सगळ्यांच्या म्होरं चाललाय?"

मामांना ते उमजायला जरा वेळ लागला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हंजी आमी तुमच्या थांबाला ओवाळीत व्हतो! बापाला म्हाईत असतं तर..." आणि तेही हसू लागले. बापाला माहीत असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मी मात्र संग्राहक. माझा हात त्या लोंबणाऱ्या बिल्ल्याखाली होता आणि निघता निघत नव्हता. घरात मखमलीवर जागा रिकामी होती, एकच टाका उरला होता आणि मामा आता हसत होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात आबा म्हणाले, "सुई-दोरा आण गं. शिवा त्येला परत."

"आबा, अहो, निदान..."

"तुज्या फळीवर काय करंल त्यो? खिळ्याला टांगून बसंल. हितं चालतोय."

मला रडू यायचं बाकी होतं. पण सुई मीच ओवली. मामांनी जाड दोऱ्यानं टाके घातले आणि बैल घेऊन माळाकडं गेले. त्या दिवसापासून पोरं आबांना स्तंभाबद्दल विचारायला लागली, खरोखर विचारायला. एकानं तर मोबाईलवर शोधून शोधून जुनं चित्र काढलं आणि आबांपुढं धरलं. आबांना दिसत नाही हे त्याच्या लक्षात आल्यावर त्यानं चित्र बोलून दाखवलं.

मृगानं तोंड दाखवलं, पुढं जेमतेम पाऊस झाला, छावणी उठली. मामा दोन्ही बैलांसकट वाडीवर परतले. श्रावण सरता सरता मामांचा फोन आला. "पोळ्याला आबास्नी आणा. गाडी करा, काय करा, पर आणा."

गाडी केली. पोरं मोटारसायकलींवर मागं आली. वाडी लहान, मारुतीच्या पाराजवळ दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. दुष्काळानं बैल कमी झालेले, रंगही हात राखूनच लावलेला, पण हलग्या जोरात वाजत होत्या. मामांचा बैल सगळ्यांच्या पुढं उभा होता आणि त्याच्या कपाळावरचा बिल्ला इतका लखलखत होता की मी थेट मामांकडं धावलो. "मामा! चिंच लावलीत?"

"पुढनं लावली," मामा म्हणाले. "मागं हात न्हाई लावला. आईशप्पथ."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्यापैकी कुणाच्याही मनात आली नव्हती. बैलाचा कासरा त्यांनी आबांच्या हातात दिला. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. एकजण उठून उभाही राहिला. मामा त्यांच्याकडं वळून म्हणाले, "मान आमच्या घराचा हाय न्हवं? मग कासरा कुणाच्या हातात द्यायचा ते मी बघतो. कपाळावर ह्यांची पलटण हाय. हेच नेतील." उठलेला माणूस जरा वेळ उभा राहिला आणि मग खाली बसला.

मी आबांचा दुसरा हात धरला. आबांनी टोपी सारखी केली. आबांना वाट दिसत नव्हती आणि बैलाला ती पाठ होती, म्हणून कासरा धरलेले आबा चालत होते तसं बैल चालत होता, की बैल चालत होता तसे आबा, हे सांगता येणार नाही. हलगी कडाडली. बायका ताटं घेऊन पुढं झाल्या, बैलाला ओवाळलं, आणि एका म्हातारीनं ताट तसंच आबांपुढंही फिरवलं. आबांना तेलाच्या दिव्याची ऊब चेहऱ्यावर लागली, ते क्षणभर थांबले, पुन्हा चालू लागले. मागं सगळ्या वाडीचे बैल, घुंगरमाळा वाजवत.

आबांनी माझा हात दाबला.

"तोरण आलं का रं?"

मी मागं वळून पाहिलं.

"मागं ऱ्हायलं, आबा. आपण कवाच आत आलो."